तीस वॅटचा अ‍ॅम्प

"दादा, मला अ‍ॅम्प घ्यायचाय. तूच निवडून दे," असं रोहिणी म्हणाली आणि तोंडातला चहा मला गिळता येईना. तसं त्यात दचकण्यासारखं काय होतं? बहीण गिटार वाजवते, गिटारीला अ‍ॅम्प लागतो, आणि बीडात गिटार, वायर, पिन यातलं कळणारा माणूस म्हटलं की लोक माझ्याकडेच बोट दाखवतात. बावीस वर्षं मी 'न्यू चांदणी ऑर्केस्ट्रा'त गिटार वाजवतोय. हळदीला वाजवली, बारशाला वाजवली, निवडून आलेल्या सरपंचाच्या मिरवणुकीत टेम्पोवर उभा राहून वाजवली. माळीवेशीत कुणालाही विचारा, गिटारवाला रविराज कुठं राहतो म्हणून, हाताला धरून दारात आणून सोडतील. अन् ही माझ्यासमोर ओट्याला टेकून, हाताला पीठ लागलेलं, सरळ विचारते, अ‍ॅम्प निवडून दे. जसं काय मिक्सर घ्यायचाय. "कशाला पायजे?" मी विचारलं. "नेकनूरच्या शाळंत वाजवायचंय. बारा हजार जमवलेत मी," ती म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली. मी म्हणालो, बघू.

रोहिणी नऊ वर्षांपूर्वी उमापूरहून परत आली, एका पिशवीनिशी. नवऱ्याने पुण्यात दुसरी ठेवली होती, सासरच्यांनी हिलाच पांढऱ्या पायाची ठरवली. तेव्हा माय चालती-फिरती होती. चार वर्षांमागे मायच्या अंगावरून वारं गेलं, डावी बाजू गेली, आणि तेव्हापासून मायला उठवणं, बसवणं, पुसणं, भांडं देणं, भरवणं हे सगळं रोहिणीकडे आलं. मी कधी कर म्हणालो नाही. तिनं कधी करू का विचारलं नाही. मधल्या वेळात ती शिवणाच्या मशीनवर बसायची, ब्लाउज, फॉल, पिको. मी रात्रीचे कार्यक्रम करणारा माणूस, दहाला उठायचो, तोवर घर झाडून, माय धुऊन-पुसून, डबा झाकून तयार असायचा. लॉकडाउनमध्ये कार्यक्रम बंद पडले तेव्हा घरात बसून डोकं फिरायची वेळ आली, म्हणून खुंटीवरची जुनी लाकडी गिटार काढली अन् रोहिणीला चार कॉर्ड शिकवल्या. गंमत म्हणून. वेळ जावा म्हणून. तिची बोटं सुईनं टोचून टोचून आधीच टणक झालेली, तारेनं दुखायचं नाव नाही. मी हसायचो, म्हणायचो, रोहे, तू ऑर्केस्ट्रात ये, तुला घागरा शिवू. पुढं कार्यक्रम सुरू झाले आणि मी विसरलो. ती विसरली नाही. दुपारी मायला कुशीवर वळवून झालं की कानात वायर घालून, मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून बसायची. तीन वर्षं. मला वाटायचं मालिका बघते.

मग एकदा माजलगावचं काम रद्द झालं अन् मी दुपारी तीनलाच घरी आलो. जिन्यात थबकलो. वरून मायची जात्यावरची ओवी येत होती, आमच्या लहानपणी माय दळताना म्हणायची ती, पण तारांवर. चाल तीच, पण चालीखाली जे चाललं होतं ते मला येत नव्हतं. मी चार ठोके एकाच कॉर्डवर बसणारा माणूस. हिची बोटं प्रत्येक ठोक्याला जागा बदलत होती, एक सूर धरून ठेवायची अन् बाकीचे खालून सरकवायची, आणि कुठं म्हणून अडखळत नव्हती. जॅझवाले वाजवतात त्या कॉर्ड त्या. मी ओळखल्या, कारण दोन हजार सहा साली सहा महिने मी त्यांच्याच मागे लागलो होतो. मुंबईहून पुस्तक मागवलं, बोटांना फोड आणले, आणि एक दिवस ते पुस्तक रद्दीत देऊन टाकलं. जमलंच नाही, बस. जिन्यात उभ्या उभ्या ते सगळं आठवलं. तेवढ्यात माय पलंगावरून तिच्या जड जिभेनं म्हणाली, "रोहे, लई गोड वाजवायलीस गं. रव्या नुसता बडवितो." मी पायातली चप्पल काढली नाही. तसाच खाली उतरलो, कोपऱ्यावरच्या गाड्यावर दोन प्लेट भजी खाल्ली, आणि नेहमीच्या वेळेला घरी आलो. पण त्या दिवसापासून तिनं गिटार हातात घेतली की माझं डोकं तापायचं, हे मी कबूल करतो.

आणि आता ही शाळा. चकलांब्याचे बद्रीनाथअण्णा, शंभर एकराचे मालक, एकदा जिल्हा परिषदेत सभापती होऊन गेलेले. त्यांनी नेकनूरच्या रस्त्याला ऊसतोडवाल्यांच्या पोरांसाठी निवासी शाळा काढलीय. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीनं तिथं संगीताची खोली बांधून दिली, बारा गिटारी दिल्या, आणि शिकवायला माणूस नाही. अण्णांची सून ब्लाउज शिवून घ्यायला रोहिणीकडे येते. तिनं हिची गिटार ऐकली, घरी सांगितलं. अण्णांचा निरोप आला, खोलीच्या उद्घाटनाला पुण्याची माणसं येणार आहेत, बाईंनी अर्धा तास वाजवून दाखवावं, पसंत पडलं की नोकरी पक्की. मुलींच्या वसतिगृहावर देखरेख, तिथंच राहायला खोली, दोन वेळचं जेवण, महिन्याला पगार. "मायला नेते म्हणलं मी," रोहिणी म्हणाली, "पन आजारी मानूस वसतिगृहात न्हाई चालायचं म्हणले. सकाळी एक बाई लावू आपन. बाकीचं तू बघशील ना दादा?" बाकीचं! बाकीचं म्हणजे दुपारचं भांडं, संध्याकाळचं भांडं, रात्रीतून दोनदा कूस बदलणं, तोंडातून गळणारी खीर पुसणं. चव्वेचाळीस वर्षांचा आहे मी, लग्न झालेलं नाही, ऑर्केस्ट्रावाल्याला पोरगी देतं कोण? मी म्हणालो, "बघीन की. माय माझी न्हाई का?" तिचे डोळे भरून आले. नऊ वर्षांत तिनं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, आणि तिला या घरातून सुटायचं होतं, हे तिच्या तोंडावर इतकं उघडं दिसत होतं की मला तिचा रागच आला. आणि नुसत्या भांड्याचं असतं तर एक वेळ गिळलं असतं. दोन वर्षांपूर्वी मी स्वतः अण्णांकडे गेलो होतो, शाळेत पोरांना गिटार शिकवतो म्हणून. अण्णा हसून म्हणाले होते, रविराज, शाळा हाय ही, हळद न्हाई.

सुभाष रोडला शिवशंकरचं वाद्यांचं दुकान आहे. आमच्याकडे अ‍ॅम्प कसा घेतात सांगतो. माइक लावायचा, "हल्लो, हल्लो, चेक" म्हणायचं, आवाज पार वर न्यायचा, समोरच्या भांड्याच्या दुकानातला माणूस वळून बघतो का ते पाहायचं. बघितला की माल चांगला. वॅट जेवढे जास्त तेवढा माल भारी. गिटार लावून कुणी बघतच नाही. शिवशंकरनं रोहिणीपुढे काळा ढोबळा अ‍ॅम्प ठेवला. "ताई, शंभर वॅट. भिंती हालतेत." तिनं मान हलवली, पण नजर खाली फळीवर होती. तिथं एक लहानसा तपकिरी अ‍ॅम्प पडला होता, कोपऱ्यातलं कापड फाटलेला. "ह्यो कुनाचा?" "ते जालन्याच्या पाद्रीबाबाचं, जुनं हाय. तीस वॅट. वरीस झालं, कुनी हात लावंना." रोहिणीनं तो स्वतः उचलून काउंटरवर ठेवला, गिटार लावली, आणि एकच कॉर्ड वाजवून हात काढून घेतला. काही केलं नाही, नुसती थांबली. आवाज भरून आला, उभा राहिला, आणि हळूहळू विरत गेला, पार शेवटपर्यंत स्वच्छ. शिवशंकरनं उठून पंखा बंद केला. तिनं परत वाजवली.

मला दोन सेकंदांत कळलं होतं. बावीस वर्षं काय गाढवं राखली नाहीत मी. तो अ‍ॅम्प पोकळ लाकडी गिटारीसाठीच केलेला होता. त्यात बारीक सुरांसाठी वेगळा स्पीकर होता, आणि मागे एक बटण, जे दाबलं की गिटार कोकलायची थांबते. कारण पोकळ गिटारीचा हा रोग आहे. अ‍ॅम्पचा मोठा आवाज तिच्या पोटात शिरतो, पोट घुमतं, ते घुमणं परत अ‍ॅम्पमध्ये जातं, आणि मग अशी शिट्टी सुटते की माणसानं कान धरावेत. काळा अ‍ॅम्प भरीव इलेक्ट्रिक गिटारीचा, माझ्यासारख्याचा, बडवणाऱ्याचा. अकरा हजारात हिच्यासाठी देवानंच ठेवल्यासारखा तो तपकिरी अ‍ॅम्प तिथं पडला होता, आणि मी म्हणालो, "तीस वॅट? येडी का काय तू? तीनशे पोरं, वर पत्रा. मच्छर गुणगुणल्यावानी वाटंल."

"पन आवाज चांगला हाय की रं दादा."

"हितं चांगला हाय. हितं तीन मानसं हायत. तितं पुण्याची मानसं येणार, ऐकूच गेलं न्हाई तर कोन ठिवंल तुला नोकरीवर?"

तपकिरी अ‍ॅम्पवर हात ठेवून उभी राहिली, आणि मग हात काढला. "तुला कळतं त्यातलं," ती म्हणाली. ती रिक्षा बघायला बाहेर गेली तेव्हा शिवशंकर माझ्या कानाशी आला. "रवीभाऊ, पोकळ गिटारीला हे कोकलंल की बे." मी म्हणालो, "तू इकायचं काम कर ना बे, तुला काय करायचंय?" त्यानं खांदे उडवले आणि खोक्याला दोरी बांधली. रिक्षात खोकं मांडीवर घेऊन ती बसली होती, आणि खरं सांगतो, मला फार हलकं वाटत होतं. कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं इतकं. वाटेत मी तिला उसाचा रस पाजला.

पुढचे आठ दिवस ती दुपारी अगदी बारीक आवाजात वाजवायची, मायची झोप मोडू नये म्हणून. बारीक आवाजात शिट्टी येत नाही. तरी तिचा कान तिला सांगत होता. "दादा, आवाज घोंगडीखालून आल्यावानी येतोय." मी जेवत होतो. "नवा हाय. वाजवून वाजवून मोकळा होतो," मी म्हणालो. मग माझं मलाच नवल वाटलं, पुढचं इतकं सहज तोंडातून आलं. "आन त्या दिवशी त्याचं तोंड तुझ्याकडं करून समोर ठिव. म्हंजी तुझं तुला ऐकू येतं. आवाज आठावर." आम्ही ऑर्केस्ट्रावाले असंच ठेवतो, भरीव गिटारीला चालतं ते. तिनं सगळं ब्लाउजच्या मापांच्या वहीत लिहून घेतलं. छाती छत्तीस, कंबर तीस, त्याच्याखाली 'अ‍ॅम्प समोर, तोंड आपल्याकडे, आवाज ८'. तिचं अक्षर फार सुरेख आहे. मला वाढायला ती उठली तेव्हा वही माझ्यासमोर उघडी होती, आणि मी भाकरी मोडत ते वाचत होतो. एकदा वाटलं, खोडावं. नाही असं नाही. मग आत माय ओरडली, तिला भांडं पाहिजे होतं, आणि रोहिणी पळत गेली. दाराआडून तो वास आला आणि मी ताट घेऊन गॅलरीत गेलो.

कार्यक्रमाच्या दिवशी तिनं पहाटेच मायचं सगळं आवरलं, शेजारच्या दगडाबाईंना किल्ली दिली, मोरपंखी साडी नेसली आणि आम्ही नेकनूरच्या एस.टी.त बसलो. तेरा वर्षांपूर्वी तिथल्याच एका हळदीत माझी इलेक्ट्रिक गिटार बिघडली म्हणून ही लाकडी गिटार लावली होती, आणि ती अशी कोकलली की नवरदेवाचा मामा माइकवर म्हणाला, मांडवात कुत्रं घुसलं का रे? सगळा मांडव हसला. ऑर्केस्ट्रातली पोरं पुढं वर्षभर मी दिसलो की भुंकायची. तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं काय करायचं ते. माझं मी शिकलो. म्हणजे हसणं कसं लागतं, कुठं लागतं, किती दिवस राहतं, ते मला पक्कं ठाऊक होतं. कुणी म्हणेल, मग बहिणीला तरी वाचवायचं. मी म्हणतो, ज्याला ठाऊक असतं त्यालाच ते नीट करता येतं. वाटेत तिनं विचारलं, "दादा, आठ लई व्हनार न्हाई ना?" खिडकीतून वारं येत होतं, तिनं गिटार दोन्ही पायांत धरली होती. तेव्हा सांगता आलं असतं. "न्हाई," मी म्हणालो.

पत्र्याचा लांबलचक हॉल, सतरंज्यांवर तीनशे पोरं, पुढे सोफ्यावर अण्णा आणि पुण्याची चार माणसं, त्यात एक चष्म्याची बाई. मी तिसऱ्या रांगेत खुर्चीवर. रोहिणीनं वहीत लिहिल्याप्रमाणे अ‍ॅम्प समोर ठेवला, तोंड आपल्याकडे, आवाज आठ. बसली. पदर खोचला. ओवीचे पहिले चार सूर वाजवले, आणि चष्म्याची बाई एकदम पुढे सरकून बसली, ते मी पाहिलं. पाचव्या सुराला सुरू झालं. आधी नुसती घूं, मग तो आवाज चढत गेला आणि पत्र्यावर आपटून सगळ्या हॉलभर किंचाळायला लागला. पोरांनी कान धरले, मग हसायला लागली, मग तोंडानं तसाच आवाज काढायला लागली. रोहिणी घाबरून उठली आणि बटण बघायला अ‍ॅम्पजवळ गेली, गिटार गळ्यात तशीच. जितकी जवळ जाईल तितकं ते जास्त किंचाळत होतं. तिला कळेना. ती आणखी जवळ गेली, वाकली. मग तिनं मान वर करून मला शोधलं, तीनशे डोक्यांत बरोबर शोधलं. दोन पावलं मागे सर, एवढं म्हणायचं होतं. नुसता हात दाखवला असता तरी चाललं असतं. मी माझ्या पुढच्या माणसाच्या कॉलरकडे बघत बसलो. कॉलरला आतून मळ होता. शेवटी साउंडवाल्यानं धावत जाऊन वायर उपटली. तिनं तसंच, अ‍ॅम्पशिवाय वाजवायला घेतलं, पण पोरं आता ऐकणार होती थोडीच? ओवीच्या मध्यावर तिनं हात थांबवला.

"अरे, रविराज हाय की हितं!" अण्णा उठून म्हणाले. "ये बाबा, वर ये. कार्यक्रमाचा इचका करू नगा." मी वर गेलो. तिच्या गळ्यातून गिटार घेतली, पट्टा घामानं ओला झाला होता. आणि मग माझ्या हातांनी घात केला. मी मनात काही आणलं नव्हतं, शपथेवर सांगतो. बावीस वर्षांची सवय. पायानं अ‍ॅम्प फिरवला, तोंड लोकांकडे केलं. त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो. खिशातला रुमाल काढला, चुरगाळून गिटारीच्या भोकात कोंबला. आवाज चारावर आणला, वायर लावली. एक शिट्टी नाही, काही नाही. तीन कॉर्डचं नाचाचं गाणं सुरू केलं आणि पोरं उठून नाचायला लागली. दुसऱ्या कडव्याला माझी नजर तिच्याकडे गेली. ती स्टेजच्या पायरीशी उभी होती. माझ्याकडे बघत नव्हती. भोकातल्या रुमालाकडे बघत होती. मी गाणं पूर्ण केलं. पोरांनी आणखी एक मागितलं, तेही वाजवलं.

जेवणाच्या वेळी अण्णा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "पोरांनी तुलाच पसंत केलं बघ. मुलींच्या वसतिगृहाला दुसरी बाई बघतो. तुला पोरांकडं खोली दितो. सोमवारपासून ये." रोहिणी तिथंच उभी होती, हातात पत्रावळ. मी विचार करायला हवा होता, निदान केल्यासारखं दाखवायला तरी. "येतो," मी म्हणालो.

परतीच्या एस.टी.त अ‍ॅम्प तिच्या पायाशी होता. मांजरसुंबा मागे पडलं. मग म्हणाली, "रुमाल कावून घातलास?"

"शिट्टी थांबती त्यानं."

"आन तोंड फिरवलंस."

"हं."

"तुला म्हाईत हुतं." हे तिनं विचारलं नाही, सांगितलं. ती रडेल, ओरडेल, थोबाडीत मारेल असं वाटत होतं, आणि मारली असती तर मला बरंच वाटलं असतं. तिनं खिडकीची काच सरकवून लावून घेतली. घरी गेल्यावर साडी बदलून आधी मायची चादर बदलली. मायनं विचारलं, "कसं झालं गं?" रोहिणी तिला उशीला टेकवत म्हणाली, "दादाला नोकरी लागली."

मी सोमवारी गेलो. सुखात आहे, खोटं कशाला बोलू. पोरं मला गिटारसर म्हणतात, दोन वेळा आयतं जेवण मिळतं, रात्री कुणी हाक मारत नाही. पुण्याच्या लोकांनी शाळेसाठी अ‍ॅम्प सुचवा म्हटलं तेव्हा शिवशंकरचा तपकिरी अ‍ॅम्प मीच आणला. दिवाळीला चार दिवस घरी गेलो. घर तसंच, मशीन तसंच. रोहिणीनं चहाचा कप पुढे केला आणि मला तिचा डावा हात दिसला. गिटार वाजवणारा माणूस डाव्या हाताची नखं पार मुळापासून काढतो, नाहीतर तार दाबताच येत नाही. तिची पाचही नखं बोटाच्या बाहेर आली होती, नीट घासून गोल केलेली. इतकं वाईट मला त्या हॉलमध्येही वाटलं नव्हतं.

"नखं कावून वाढवलीस गं?" मी विचारलं.

"मायला पाठ खाजवून लागती दिवसभर," ती म्हणाली. "बारीक नखानं तिला बरं वाटत न्हाई." आणि ती मायच्या पाठीमागे जाऊन बसली.